होडीतून अंतराळयानात: अंतराळातल्या साहसी कादंबऱ्या वाचायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

दरवर्षी १ जूनला मासेमारी बंद झाली की आमच्या हर्णे बंदरातल्या होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर झाप आणि ताडपत्र्या चढतात आणि पुढचे दोन महिने माणसांच्या हाताला जरा उसंत मिळते. जाळी दुरुस्त करायची, इंजिन खोलून साफ करायचं आणि बाहेर पाऊस कोसळत असताना घरात बसायचं. अंतराळातल्या साहसकथा मी वाचायला शिकले त्या अशाच एका पावसाळ्यात. 'शिकले' हा शब्द मुद्दामच वापरतेय, कारण त्याआधी एकदा मी प्रयत्न करून पुस्तक सोडून दिलं होतं.

तेव्हा मी अकरावीत होते. वर्गातल्या एकाने फार कौतुक करून सहाशे पानांची एक इंग्रजी कादंबरी हातात दिली. पहिल्याच प्रकरणात चौदा विचित्र नावं, दोन साम्राज्यं, परग्रहावरची वेगळीच कालगणना. चाळीस पानं रेटली आणि पुस्तक परत केलं. विज्ञान शाखेत असूनही आपल्याला हे कळत नाही, ही बोच मनात राहिली आणि पुढची चार वर्षं मी त्या वाटेला गेले नाही. आता कळतं की पुस्तकही चांगलं होतं आणि मीही बरी वाचक होते. फक्त क्रम चुकला होता. पोहायला शिकणाऱ्याला कोणी उधाणाच्या दिवशी समुद्रात उतरवत नाही.

तुमचा क्रम चुकू नये म्हणून हे लिहितेय. किनाऱ्यावर वाढलेल्यांना या कादंबऱ्या इतरांपेक्षा लवकर आपल्याशा वाटतात असं माझं मत आहे. ते का, हे तिसऱ्या पायरीत सांगते.

आधी हाताशी काय हवं

- जवळच्या वाचनालयाचं सभासदत्व. बहुतेक ठिकाणी भरलेला अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, एक-दोन फोटो, अनामत रक्कम आणि वर्गणी एवढं लागतं. अनामत रकमेची पावती जपून ठेवा, सभासदत्व सोडताना ती मागतात.
- दोनशे पानी वही आणि पेन्सिल.
- तिथी दाखवणारी भिंतीवरची दिनदर्शिका. ती कशाला, ते पुढे येईलच.
- मोबाइल असेल तर त्यात एखादा शब्दकोश आणि आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप.

दुर्बीण नको, भौतिकशास्त्राची पदवी नको, पुस्तकं विकत घ्यायला पैसेही सुरुवातीला नकोत. कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. अशा जुन्या वाचनालयांत विज्ञानकथांचं वेगळं कपाट असेलच असं नाही. पुष्कळदा ती पुस्तकं बालविभागात किंवा 'विज्ञान' या फळीवर पाठ्यपुस्तकांच्या शेजारी बसलेली सापडतात. ग्रंथपालांना "विज्ञानकथा आहेत का?" एवढंच विचारू नका, लेखकाचं नाव सांगा. लगेच फरक पडतो.

१. कादंबरीआधी कथा वाचा

सुरुवात मराठीतून करा, आणि तीही कथांपासून. कथा एका बैठकीत संपते, आणि संपलेली गोष्ट पुढच्या गोष्टीचं धाडस देते.

माझी सुरुवात डॉ. जयंत नारळीकरांपासून झाली आणि अजूनही मी प्रत्येकाला तिथूनच सुरू करायला सांगते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कोणाची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. ते जगताप म्हणजे स्वतः नारळीकरच होते. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं. जगभर नाव असलेल्या खगोलशास्त्रज्ञाला आपली कथा नावाच्या वजनावर निवडली जायला नको होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा आमच्या घरात 'यक्षांची देणगी' पुन्हा एकदा हातोहात फिरलं. १९७९ सालचा हा कथासंग्रह आजही न अडखळता वाचता येतो.

कथांना सरावलात की त्यांच्याच 'प्रेषित'सारख्या आटोपशीर कादंबरीकडे वळा. शिवाय फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न आहेच. भा. रा. भागवतांनी त्याच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या. त्या मुलांच्या म्हणून मोठ्यांनी टाळू नयेत.

२. तीन पानांची परीक्षा

कपाटासमोर उभं राहून पुस्तक कसं पारखायचं, ते सांगते. मलपृष्ठ वाचू नका, तिथे प्रत्येक पुस्तक 'थरारक' असतं. सरळ पहिली तीन पानं वाचा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. कोणा एका माणसाशी माझी ओळख झाली का? त्याला काय हवंय ते कळलं का? काहीतरी बिघडलंय का?

समजा पुस्तक असं सुरू होतं: "तिसऱ्या महासंघाच्या ४१२व्या वर्षी व्होरान आणि टेशूर यांच्यातला तह मोडीत निघाला." आणि दुसरं असं: "पंख्याची घरघर थांबली म्हणून तिला जाग आली. यानात शांतता कधीच नसते." दोन्ही वाक्यं मी आत्ता रचली आहेत, पण दुकानात आणि वाचनालयात तुम्हाला याच दोन जातींची पुस्तकं भेटतील. पहिल्या जातीचं पुस्तक वाईट असतं असं नाही, ते वर्षभराने वाचा. आज दुसऱ्या जातीचं उचला. तिथे पंखा थांबलाय, म्हणजे हवा खेळायची थांबली आहे, म्हणजे काही तासांत जीवावर बेतणार. एवढं कळायला विज्ञान लागत नाही. होडीवर झोपलेल्या माणसाला इंजिनाचा आवाज बदलल्याबरोबर जाग येते, तसंच आहे ते.

सोपं पुस्तक म्हणजे हलकं पुस्तक, हा समज मनातून काढून टाका. वाचकाला हाताला धरून यानात घेऊन जाणं लेखकाला फार अवघड जातं.

३. यानाकडे होडीसारखं बघा

माझे बाबा तांडेल होते. मोठ्या होडीवर सात-आठ खलाशी घेऊन ते पाच-सहा दिवस बाहेर असत. निघण्याआधी अंगणात हिशेब चालायचा, डिझेल किती, बर्फ किती, पिण्याचं पाणी किती, तांदूळ, मसाला, कांदे किती. लहानपणी मला त्या हिशेबाचा कंटाळा यायचा. पुढे अंतराळातली पहिली पूर्ण कादंबरी वाचताना यानाची कप्तान ऑक्सिजन, पाणी आणि इंधन मोजत बसली, तेव्हा मला आमचं अंगण दिसलं. त्या क्षणापासून ही पुस्तकं मला परकी राहिली नाहीत.

जहाज, त्यावरची मोजकी माणसं, मोजका शिधा, आणि चहूकडे असं काही की बाहेर पडलं तर जगता येत नाही. या कादंबऱ्यांचा सगळा जीव इथे आहे. किनारा दूर आहे, दुकान नाही, आणि जे बिघडलंय ते जवळ आहे त्याच वस्तूंतून दुरुस्त करायचंय.

एकदा बाबांच्या होडीत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा रबरी पाइप फुटला. किनारा दिसत नव्हता. त्यांनी टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, ती पाइपावर घट्ट गुंडाळली, वरून नायलॉनची दोरी आवळली आणि निम्म्या वेगाने होडी बंदरात आणली. ती पट्टी पुढे कितीतरी वर्षं आमच्या खिळ्याला टांगलेली होती. एका टोकाला दोरीचे वळ रुतलेले आणि मधोमध उष्णतेने रबर चकाकणारं.

आता अपोलो-१३ ची खरी हकिगत ऐका. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे जाताना, पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून जास्त अंतरावर, या यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली. तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरण्यासाठी नेलेल्या छोट्या यानात शिरले, बुडत्या जहाजावरून लहान होडीत उतरावं तसे. पण ते यान दोघांसाठी, थोड्या दिवसांसाठी बनवलेलं. तिघांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत चालला. मुख्य यानातल्या हवा शुद्ध करणाऱ्या पेट्या चौकोनी, या यानातली जागा गोल. मग जमिनीवरच्या अभियंत्यांनी यानात असलेल्याच वस्तू वापरून जोड तयार केला. प्लास्टिकच्या पिशव्या, माहितीपुस्तिकांचे पुठ्ठे, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी. कृती रेडिओवरून सांगितली आणि वर अंतराळवीरांनी ती हातांनी बनवली. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप परतले.

ट्यूबची पट्टी आणि ती चिकटपट्टी यांत मला काही फरक दिसत नाही. चांगली अंतराळ-साहस कादंबरी तुम्हाला तीनशे पानं याच जागी ठेवते. एक अडचण सुटते, त्यातून दुसरी निघते, आणि प्रत्येक वेळी सुटका होते ती अक्कल आणि हाताचं कसब यांच्या जोरावर.

मात्र होडी आणि यान यांत काही ठिकाणी फार मोठा फरक आहे. तो माहीत नसेल तर कथानकाची गोम निसटते.

पहिली गोष्ट थांबण्याची. इंजिन बंद केलं की होडी पाण्याच्या विरोधाने हळूहळू थांबते. अंतराळात अडवायला काही नाही. इंजिन बंद करा, यान त्याच वेगाने जातच राहील. थांबायचं तर उलट्या दिशेने पुन्हा इंधन जाळावं लागतं. म्हणून तिथला प्रत्येक कप्तान आधी थांबण्याचं इंधन बाजूला काढतो, जसे बाबा परतीचं डिझेल आधी बाजूला काढत. कादंबरीत कोणी म्हणालं की थांबण्यासाठीचं इंधन वापरून टाकलंय, तर समजा, आता गोष्ट गंभीर झाली.

दुसरी गोष्ट वेळ साधण्याची. इथे ती भिंतीवरची दिनदर्शिका बघा. आपल्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी गाळ आहे, तिथे होडी आत घ्यायची तर भरती साधावी लागते. चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत बाहेर थांबायचं. मंगळाला जाणाऱ्या यानाचंही असंच असतं. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात ते साधारण दर २६ महिन्यांनी. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं ते अशीच वेळ साधून, आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. ती वेळ हुकली असती तर दोन वर्षांहून जास्त थांबावं लागलं असतं. कादंबरीतली माणसं एखाद्या तारखेसाठी जिवाचा आटापिटा करतात, तेव्हा हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट वजन नसण्याची. अंतराळ स्थानकात माणसं तरंगतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नाही, असं आपण ऐकत आलोय. ते चूक आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर आहे, आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात. फक्त आडवा वेग इतका, ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर, की पडता पडता ती पृथ्वीला वळसा घालतात. मोठ्या लाटेच्या माथ्यावरून होडी खाली सुटते तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो कधी संपलाच नाही तर काय होईल, अशी कल्पना करा.

४. वहीच्या पहिल्या पानावर अंतरं लिहा

आकडे पाठ करू नका. एकदा लिहून ठेवा आणि वाचताना पान उघडं ठेवा.

- चंद्र: ३,८४,००० किलोमीटर. रेडिओचा संदेश सव्वा सेकंदाच्या आसपास पोहोचतो.
- सूर्य: १५ कोटी किलोमीटर. प्रकाशाला आठ मिनिटं आणि वर काही सेकंद लागतात.
- मंगळ: दोन्ही ग्रहांच्या जागेनुसार संदेशाला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं.
- एक प्रकाशवर्ष: सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर.
- सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी: ४.२४ प्रकाशवर्षं.

शेवटच्या ओळीत काय दडलंय ते बघा. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं आणि सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने अजून जातंय. एवढ्या वेगानेसुद्धा जवळच्या ताऱ्याइतकं अंतर तोडायला सत्तर हजार वर्षांहून जास्त लागतील. म्हणूनच ताऱ्यांपर्यंत जाणाऱ्या कादंबऱ्यांत लेखकाला काहीतरी युक्ती करावी लागते. कोणी प्रवाशांना शतकानुशतकं झोपवतं, कोणी यानातच पिढ्या जन्माला घालतं, तर कोणी अवकाशातून चोरवाट काढतं. पुस्तकात कोणती युक्ती आहे ते हेरलंत की अर्धी कादंबरी समजली.

मंगळाच्या ओळीचा उपयोग तर लगेच होतो. तिथे अडकलेला माणूस मदत मागतो आणि उत्तर यायला पाऊण तास लागू शकतो. वायरलेसवर बंदराशी बोलणं तुटलेल्या होडीसारखा तो एकटा असतो. सगळे निर्णय त्याचे त्यालाच घ्यायचे.

५. अडलेल्या शब्दापाशी थांबू नका

शब्द अडला तर पेन्सिलीने बारीक ठिपका द्या, पुढे जा. तोच शब्द तिसऱ्यांदा आला तरच शोधा. बहुतेक शब्द तिसऱ्या वेळेपर्यंत आपोआप उलगडतात. मी सुरुवातीला प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडत असे. त्यात गोष्टीचा धागा सुटायचा आणि रात्री चार पानांवर पुस्तक मिटायचं. वाचनालयाचं पुस्तक असेल तर परत करण्याआधी ठिपके खोडा.

६. एक थाप माफ करा, दुसरीला प्रश्न विचारा

काही जण प्रत्येक पानावर विज्ञानाची चूक शोधत बसतात, काही जण सगळंच खरं मानतात. दोघांचाही आनंद कमी होतो. माझा नियम असा, की प्रत्येक लेखकाला एक मोठी थाप मोफत. प्रकाशापेक्षा जलद जाणारं यान असेल, असू दे. पण त्यानंतर लेखकाने स्वतःचेच नियम मोडले, तर मात्र मी पुस्तक खाली ठेवते.

ज्यूल व्हर्नने १८६५ साली तीन माणसांना तोफेच्या गोळ्यात बसवून फ्लोरिडातून चंद्राकडे पाठवलं. तोफेच्या त्या हिसक्यात माणसं जागच्या जागी मेली असती, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. तरी १९६९ साली माणूस चंद्रावर उतरायला निघाला तो फ्लोरिडातूनच, आणि यानात तिघेच होते. अँडी वीर याने 'द मार्शियन' ही कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून मांडली, २०१४ मध्ये ती मोठ्या प्रकाशनाकडून आली. तिच्या सुरुवातीला मंगळावर वादळ माणसाला उडवून देतं. खरं तर मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथला वारा एवढा जोर करूच शकत नाही. लेखकाने हे मान्यही केलंय. ती त्याची एक थाप. पुढची बटाट्याची शेती आणि पाणी तयार करण्याची खटपट वाचताना तुम्ही त्याला आनंदाने माफ कराल.

किनाऱ्यावरच्या वाचकांनी इथे आपल्या घरची एक गोष्टही पारखून घ्यावी. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्गाच्या परिसरातून दिसलं, किल्ल्यावर त्या निरीक्षणाचे म्हणून 'साहेबाचे ओटे' दाखवतात, आणि लॉकियर या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने हेलियम तिथेच शोधला असं पुष्कळांकडून ऐकायला मिळतं. ग्रहण खरं आहे. पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. ग्रहणाच्या वेळी गुंटूरला निरीक्षण करणारा होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, आणि लॉकियरने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. एक मूलद्रव्य पृथ्वीवर हाती लागण्याआधी सूर्यावर सापडलं, आणि त्या कहाणीतल्या ग्रहणाची सावली आपल्या किनाऱ्यावरून गेली, एवढं खरंच मला पुरेसं अद्भुत वाटतं.

७. मालिका आणि ऑनलाइन खरेदीतले खड्डे

अंतराळ कादंबऱ्या बरेचदा मालिकेत येतात, आणि मुखपृष्ठावर भागाचा क्रमांक बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून पहिला भाग मागवला, आला तिसरा. मुखपृष्ठ सारखंच, म्हणून लक्षात यायला वीस पानं गेली, आणि तोवर परत करायची मुदत संपली होती. पार्सल उघडल्या दिवशीच आतलं शीर्षकपान बघा. पहिल्या वर्षी तर मालिका घेऊच नका, एका पुस्तकात संपणारी गोष्ट घ्या.

स्वस्त म्हणून रस्त्यावरच्या नकली प्रतीही घेऊ नका. पानं गाळलेली असतात, आणि लेखकाला एक पैसा जात नाही.

८. इंग्रजीत उतरायची वेळ

मराठीत आठ-दहा पुस्तकं झाली की उतरा. मनात भाषांतर करत वाचू नका, त्याने दम लागतो. मी एक प्रकरण आधी ऐकत असे आणि मग वाचत असे. दापोली-खेड एसटीच्या प्रवासात एक प्रकरण सहज ऐकून होतं. आर्थर क्लार्कच्या १९७३ सालच्या 'रांदेव्हू विथ रामा'सारखी लहान लहान प्रकरणांची कादंबरी यासाठी उत्तम. सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचं एक परकं, रिकामं यान आणि त्यात शिरून नुसतं बघत फिरणारी माणसं. परग्रहावरच्यांशी लढाई नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

९. पावसाळ्यात पुस्तकं जपा

आपल्याकडे जूनमध्ये भिंतींनाही पाणी सुटतं. पुस्तकं भिंतीला टेकवू नका, फळीवर दाटून भरू नका, मध्ये हवा खेळू द्या. कडुनिंबाचा सुकलेला पाला ठेवा. ऊन पडलं की पुस्तक उघडून सावलीतच वाळवा, कडक उन्हात पानं वाकतात. बुरशी आली तर आधी पूर्ण वाळू द्या, मग घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसू नका. वीज जाणारच, तेव्हा मोबाइल संध्याकाळीच चार्ज करून ठेवा.

१०. एकट्याने वाचू नका

हे जमलं तर बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल. घरात मोठ्याने वाचा.

आम्ही बंदीच्या दिवसांत पडवीत वाचतो. पागोळ्यांच्या आवाजात शेवटच्या माणसाला ऐकू जावं म्हणून आवाज चढवावा लागतो. मुलं असतात, जाळ्याचे तुटलेले फास सांधत बसलेले बाप्ये असतात. पहिल्या वर्षी मी यान दिशा बदलतं तो प्रसंग वाचला आणि शेजारच्या तात्यांचा हात जाळ्यावरच थांबला. चाळीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस. म्हणाले, "थांब गो बाय. तितं पानी न्हाय, वारा न्हाय. मंग सुकानू कशावर दाबतात? होडी वळते कशी?"

कॉलेजात शिकलेल्या कोणाच्याही मनात हा प्रश्न आला नव्हता, माझ्याही नाही. सुकाणू वळवतं ते पाण्याला रेटून, आणि तिथे रेटायला पाणीच नाही. मी म्हटलं, "तात्या, उथळ पाण्यात तुम्ही बांबूने तळ रेटता ना, होडी पुढे जाते. तिथे तळ नाही. म्हणून ते स्वतःजवळचा वायू जोरात एका बाजूला फेकतात, नि यान दुसऱ्या बाजूला सरकतं."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे वळायला पन जवळचं कायतरी खर्चावं लागतं."

त्या रात्री घरी येऊन मी ते वाक्य वहीत लिहिलं. यानातल्या कप्तानाची सगळी चिंता त्यात आहे.

मोठ्याने वाचताना काही गोष्टी सांभाळा. एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त वाचू नका. अडचण उभी राहील तिथेच थांबा, ती सुटते तिथे नव्हे, आणि ऐकणाऱ्यांना विचारा, "तुम्ही असता तर काय केलं असतं?" इंजिन, बर्फ आणि जाळी यांवर आयुष्य काढलेली माणसं अशी उत्तरं देतात, की लेखकाने ती ऐकायला हवी होती असं वाटतं. पोरींना मागे बसू देऊ नका, पुस्तकच त्यांच्या हातात द्या. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने कप्तानाचे संवाद वाचले. दुसऱ्या दिवशी ती पुढचं प्रकरण आधीच वाचून आली होती.

बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, की आकाश हळूहळू मोकळं होतं. मग एका संध्याकाळी सगळ्यांना घेऊन पुळणीवर जा. अंतराळ स्थानक आपल्या गावावरून कधी जाणार ते ॲपमध्ये आधी बघून ठेवा. सूर्य मावळल्यावर थोड्या वेळाने किंवा पहाटे उजाडण्याआधी ते दिसतं. लुकलुकत नाही, आवाज करत नाही, ठळक तारा चालत निघावा तसं चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतं. मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही उभे होतो तेव्हा ते सुवर्णदुर्गाच्या अंगाने वर चढलं. तात्यांनी कपाळावर हात आडवा धरला, दुरून येणारी होडी ओळखताना धरतात तसा, आणि विचारलं, "आत मानसं हायत आत्ता?"

"आहेत, तात्या."

ते पृथ्वीच्या सावलीत शिरून दिसेनासं झालं, तरी त्यांनी बराच वेळ हात खाली घेतला नाही.